तिळाच्या मिठाच्या आठ बरण्या

बोईसर
बुधवार, ८ जानेवारी २०२५

चि. वैभवी,

नऊ महिन्यांनी लिहितोय, तेव्हा कामाचं आधी सांगतो. आईने डिसेंबरात पाठवलेली तिळाच्या मिठाची बरणी आजपासून खाऊ नकोस. तीळ खवट निघाले. आमच्याकडच्या वाटीतले मी सकाळी चाखले, म्हणून कळलं. तुझ्या त्या जेवणात हातसडीचा भात, नाचणी आणि मोसमातली भाजी सोडली तर चवीला एवढं एकच मीठ असतं, हे मला माहीत आहे. चार दिवस साधं मीठ खा. बरणी फेकून दे, आणि आजच फेक.

आता दुसरं. तू फोन बंद ठेवतेस, मोबाइलच्या उजेडाने तुझी अर्धशिशी उठते, ते ठीक. पण घरातली एवढी मोठी बातमी मला मासेवालीकडून कळावी? आज तुमच्या सातपाटीची मैनाबाई खालच्या वहिनींना बोंबील साफ करून देत होती. मी जिन्यात पेपर घ्यायला उतरलो तर म्हणाली, "नागोरावभाऊ, पेढं कुटं हायत? पोरीला दिवस गेलं, आन् तुमी तोंड पाडून फिरता?" मी वर येऊन तुझ्या आईला विचारलं. ती तीळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तीन महिने होईस्तोवर अप्पाला सांगू नको म्हनली होती."

म्हणजे सातपाटीच्या अख्ख्या आळीला माहीत आणि बापाला नाही. असो. तुझा राग मी ओळखतो, तो माझ्याकडूनच आलेला आहे. मला फार आनंद झालाय. खरंच झालाय. तब्येतीला जप आणि डॉक्टरांकडे जाऊन ये. तुझा आहार, तुझा उपचार यावर मी एक अक्षर बोलणार नाही.

बरणीचं विसरू नकोस. हे पत्र मैनाबाईच्या पाटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देतोय. "आमी काय पोस्टमन हाव काय?" म्हणाली, पण घेऊन गेली.

– अप्पा

बोईसर
शुक्रवार, १० जानेवारी

चि. वैभवी,

तुझा निरोप पोचला. मैनाबाईने तो तुझ्या आईसमोरच दारात सांगितला. "पोरगी बोलली, तील खवट नाय. मी चाकून बगितलं. अप्पांची जीब खवट झाली आसंल." तुझी आई दोन मिनिटं हसली, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला की मी तिने भाजलेल्या तिळांना नाव ठेवलंय. कालचा भात आणि कालचीच आमटी आज मला मिळाली, एवढंच सांगतो.

तर खरं कारण लिहितो. खवट नाहीत. मिक्सरचं भांडं पुसताना मला काचेचा बारीक तुकडा दिसला. बरणीचं झाकण लावताना कड उडाली असावी. तुला घाबरवायचं नव्हतं म्हणून खवट लिहिलं. काच पोटात जाणं या दिवसांत बरं नाही. तेव्हा आता तरी ऐक.

मैनाबाई म्हणाली, तुझ्या बोटांना मुंग्या येतात, परवा विळीवर दुधी चिरताना हात निसटला. शब्दही आठवत नाहीत म्हणे, चाळणीला चाळणी म्हणायला वेळ लागतो. अर्धशिशीसाठी तुला या आहारावर ठेवणाऱ्या त्या सलोनीताई सांगतात की शरीरातली घाण बाहेर पडतेय. त्यांना विचार, कधीपासून पडतेय? उन्हाळ्यापासून ना? आणि बरणी तळाला आल्यावर जास्त होतं का, तेही आठवून बघ.

हे मी का विचारतोय ते विचारू नकोस.

धीरजराव बोटीवर गेलेत, आणखी पाच-सहा दिवस रेंजमध्ये येणार नाहीत, असं कळलं. तुझ्या सासूबाईंचा नंबर माझ्याकडे आहे. सकाळपासून दोनदा काढला आणि ठेवून दिला. जमुनाताईंना मी काय सांगू?

तुझी आई संक्रांतीच्या लाडवांचे तीळ भाजतेय. घरभर वास आहे. मघाशी तुझ्या नव्या बरणीचे वेगळे काढून माझ्यासमोर ठेवले. "आवं, कुटून द्या की. तुमच्या हातचं बारीक होतं."

बरणी फेक.

– अप्पा

सातपाटीच्या वाटेवर, पालघर स्टँड
शनिवार, ११ जानेवारी, सकाळी साडेनऊ

वैभू,

हे पत्र मी स्वतः घेऊन येतोय. पुढची रिक्षा भरेपर्यंत बाकावर बसून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. तोंडाने मला सांगता येणार नाही, एवढा मी शूर नाही.

काल संध्याकाळी तू सासूबाईंच्या फोनवरून आईशी बोललीस. आई मला म्हणाली, "पोरीनं दोनदा चाळून घेतलं, काच नाही. म्हनली, अप्पांना सांग, काळजी करू नका." नऊ महिन्यांत पहिल्यांदा तू 'अप्पांना सांग' म्हणालीस. आणि पुढे म्हणालीस, तळाला दोन-तीन चमचे उरलंय, वाया कशाला घालवू, उद्या दुपारी भाताबरोबर संपवते.

ते तळातलं संपवू नकोस. त्या मिठात गोळी आहे.

तुझीच गोळी. डोकं उठूच नये म्हणून तू रोज एक घ्यायचीस आणि मागच्या जानेवारीत सलोनीताईंच्या सांगण्यावरून बंद केलीस, ती. मे महिन्यापासून मी ती कुटून तिळात मिसळतोय. आईला माहीत नाही. ती तीळ भाजते, मीठ घालते आणि भरड माझ्यापुढे ठेवते. बारीक करण्याच्या नावाखाली बाकीचं मी करतो. तुझी जुनी चिठ्ठी माझ्याकडे होती. बन्सीच्या औषधाच्या दुकानात ती दाखवली की तो जास्त विचारत नाही.

का केलं ते सांगतो. त्याने माझं पाप कमी होत नाही. मागच्या फेब्रुवारीत तू माहेरी आली होतीस. तीन दिवस पडदे ओढून, ओढणी डोक्याला आवळून पडलेली. तिसऱ्या दिवशी दुपारी ठक ठक आवाज आला म्हणून दार उघडलं, तर तू भिंतीवर कपाळ आपटत होतीस. हळूहळू, मोजून. मी गोळी पुढे केली, तू दात आवळलेस. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हणून एप्रिलमध्ये जेवताना धीरजरावांसमोर ते घाण बोललो. म्हणालो, गवत खाऊन डोकं थांबतं, म्हणूनच बैलांना कधी अर्धशिशी होत नाही. तू म्हणालीस, "बैलांना तुमच्यासारखा बाप नसतो," आणि ताटावरून उठलीस. पुढच्या महिन्यात तू आईकडे तिळाचं मीठ मागवलंस, आणि मला वाट सापडली.

एकतीस वर्षं औषधाच्या कारखान्यात मी पावडर मिसळली. मूठभर औषध क्विंटलभर पावडरीत असं मिसळायचं की प्रत्येक गोळीत सारखं उतरलं पाहिजे. आधी औषधाइतकेच तीळ, मग त्या दोन्हींच्या इतके, मग त्याच्या दुप्पट, असं वाढवत न्यायचं. मी तेच केलं. तीस गोळ्या, तीस चमचे. रोज एक चमचा म्हणजे रोज एक गोळी. मला त्याचा अभिमान वाटायचा, हेही लिहून टाकतो. महिन्याला सात वेळा उठणारं डोकं एकावर आलं, असं आई सांगायची, आणि मी इथे खुर्चीत बसून माझीच पाठ थोपटून घ्यायचो.

पण कारखान्यात पोरसवदा मजुरालाही शिकवलेलं असतं की मिसळलेला माल हादरवायचा नाही. हादऱ्याने बारीक भुकटी खाली बसते. आणि मी बरणी दिली कुणाकडे? मैनाबाईकडे. पाटीत घालून, टेम्पोत बसून, खड्ड्याखड्ड्यांतून सातपाटी. तेलकट तिळांना भुकटी धरून राहील, असं मी धरून चाललो. वरचे चमचे फिके, तळातले दुप्पट-तिप्पट. तुझ्या मुंग्यांचं कारण कुठल्या घाणीत नाही, माझ्या हातात आहे.

आणि सगळ्यात शेवटचं. गोळी पहिल्यांदा लिहून दिली तेव्हा मी तुझ्याशेजारी बसलो होतो. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "मूल हवं असेल तेव्हा आधी मला सांगा. ही त्या काळात चालत नाही." तुझं तेव्हा लग्नही ठरलं नव्हतं. तू हसलीस. मी मात्र ते ऐकलं होतं, वैभू. मला वाटलं, ठरवाल तेव्हा कळेलच की. ज्या मुलीने नऊ महिने तोंड पाहिलं नाही, ती मला कळवील असं मी गृहीत धरलं. बुधवारपासून मला सगळं माहीत आहे आणि बुधवारपासून मी खवट आणि काच लिहीत बसलोय. त्या तीन दिवसांना तर काही कारणच नाही. मला लाज वाटत होती, बस.

रिक्षा भरली. बरणी डॉक्टरांना दाखवायला लागेल, ती आता फेकू नकोस.

– अप्पा

बोईसर
सोमवार, १३ जानेवारी

चि. वैभवी,

तुझी चिठ्ठी काल मैनाबाईने आणली. "डॉक्टरांना तारखा आणि वजनं हवीत. तुमच्या कारखान्यात लिहायचात तसं लिहा. काही गाळू नका." तसं लिहून सोबत जोडलंय. आठ बरण्या, आठ ओळी. तारीख, तिळाचं वजन, मिठाचं वजन, गोळ्या किती, बरणी कशातून गेली. सहाव्या बरणीत दोन गोळ्या जास्त आहेत, कारण त्या महिन्यात तुझं डोकं दोनदा उठल्याचं ऐकून मी आपल्या मनाने वाढवल्या. तेही लिहिलंय. डॉक्टरांच्या कामाच्या सातवी आणि आठवी, तुला दिवस राहिल्यापासूनच्या, त्यांच्याखाली रेघ मारलीय. हादऱ्याचं शेऱ्यात लिहिलंय.

शनिवारचं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तू वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगेशी उभी होतीस, नाकाला पदर. मी लांबूनच ओरडलो, "आजचं मीठ खाल्लंस का?" तू मानेनेच नाही म्हणालीस. तेवढंच काय ते माझ्या नशिबाने केलं. पत्र तू उभ्यानेच वाचलंस, मग पहिल्यापासून पुन्हा वाचलंस. मला वाटलं ओरडशील. तू विचारलंस, "आईला माहीत आहे?" मी नाही म्हणालो. "मग आधी तिला सांगा," म्हणालीस आणि आत गेलीस. जमुनाताईंनी मला पाणी आणून दिलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं बिचाऱ्यांना. ते पाणी मी कसं प्यायलो, माझं मला माहीत.

आईला सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं, ती रडली नाही. ओट्यावरचे सगळे भाजलेले तीळ, लाडवांचेसुद्धा, गच्चीवर नेऊन कबुतरांना घातले. खाली आली आणि म्हणाली, "माझ्या हातानं पाठवलंत. मी दर वेळी विचारायची, संपलं का गं, आवडतं का गं." त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं टाकलंय. उद्या संक्रांत. गोड बोलायचं राहू दे, या घरात उद्या कुणी बोलेल की नाही शंका आहे.

कागदावर शेवटी दोन रकाने दिसतील. तसे ते आमच्या प्रत्येक कागदावर असायचे. 'करणारा' आणि 'तपासणारा'. एकट्या माणसाने कितीही नीट मिसळलं तरी दुसऱ्याची सही झाल्याशिवाय माल खोलीबाहेर जात नसे. मी तरुणपणी यावरून भांडायचो, माझ्या हातावर विश्वास नाही का म्हणून. एकतीस वर्षांत मी एकदाही त्या सहीशिवाय माल सोडला नाही. तो घरी सोडला, आठ वेळा. 'करणारा'खाली माझी सही आहे. 'तपासणारा' कोरा ठेवलाय, कारण कुणी नव्हतं.

डॉक्टर काय म्हणाल्या ते कळव, असं लिहिणार होतो. तो हक्क मी घालवलाय. तुला वाटलं तर कळव.

– अप्पा

बोईसर
शुक्रवार, ४ एप्रिल

चि. वैभवी,

काल तू इथे येऊन गेलीस, पण बोलणं असं झालंच नाही, म्हणून लिहितो.

फेब्रुवारीत तो कागद तू मला परत पाठवलास. डॉक्टरांनी त्याची नक्कल ठेवून घेतली असेल. 'तपासणारा'च्या रकान्यात पहिल्या बरणीसमोर तू लिहिलंयस, "मला विचारलं नव्हतं." दुसऱ्या बरणीसमोर पुन्हा तेच. आठही ओळींत तेच, पूर्ण. एकदा लिहून खाली टिंबं दिली असतीस तरी अर्थ कळला असता. पण तू माझी मुलगी, रकाना अर्धवट सोडायची नाहीस. खाली लिहिलंस, "२ एप्रिल, बुधवार, अकरा वाजता, पालघर. आई आत येईल. तुम्ही बाहेर थांबा."

मी दहालाच जाऊन बाहेर थांबलो. आईने तुला सोनोग्राफीसाठी आत नेलं. धीरजराव माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मी तुमाला मारनार होतो, अप्पा. बोटीवरून उतरल्या दिवशी. तिनं थांबवलं." मी म्हणालो, मारायला हवं होतं. ते म्हणाले, "अजून टाईम गेला नाय." तासाभराने आई बाहेर आली. डॉक्टर म्हणाल्या, आज जे दिसायला हवं ते सगळं ठीक दिसतंय, बाळाचे ओठ, पाठीचा कणा, हृदय. बाकीचं बाळ आल्यावर, वाढल्यावरच कळेल. आईने हे मला सांगितलं. जानेवारीनंतरचं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य ते. मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो. तू समोरून गेलीस तेव्हा मी तोंड पुसत होतो, तू पाहिलं असशील.

एक गोष्ट मैनाबाईने सांगितली, ती मला त्या आठ ओळींपेक्षा जास्त लागली. या आहाराचा तू रविवारी जो वर्ग घेतेस, त्याला बावीस बायका येतात. त्यांच्यासमोर उभी राहून तू सांगितलंस म्हणे, की माझं डोकं भाताने थांबलं असं मी तुम्हाला आठ महिने सांगत आले, त्या आठ महिन्यांत माझ्या पोटात गोळीही जात होती. कुणीही माझ्या शब्दावर आपलं औषध बंद करू नका. "पोरगी लाल झाली होती," मैनाबाई म्हणाली, "पन खाली नाय बगितलं."

गोळी बंद झाल्यावर फेब्रुवारीत चार वेळा डोकं उठलं, मार्चमध्ये दोनदा. सातावर गेलं नाही. मग भाताचं किती, वेळेवर झोपण्याचं किती, पोटातल्या बाळाचं किती, आणि गोळीचं किती होतं? तू रोज वही लिहिलीस. काय खाल्लं, कधी झोपलीस, कुठल्या दिवशी उठलं, सगळं. ती तुझी मेहनत होती आणि मी तिच्यात हात घालून ती नासवली. आता ते कुणालाच कळणार नाही, मलाही नाही. बैलाचं जे बोललो होतो ते मागे घेतो. उशिरा घेतो.

आता कालचं. तू आलीस, आईला खलबत्ता मागितलास, मिक्सर नको म्हणालीस. तीळ तू निवडलेस, तूच भाजलेस, मीठ तू तोललंस. मी खुर्चीत बसलो होतो. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस ते माझे हात कुठे आहेत ते बघायला. मी ते मांडीवर उघडे ठेवले. कुटून झाल्यावर तू ताट वाढलंस, हातसडीचा भात, लाल भोपळा, आणि वाटीत ते मीठ. मग वाटी माझ्यापुढे सरकवलीस.

"आधी तुम्ही."

आई म्हणाली, "अगं, तूच कुटलंस की आत्ता." तू वाटी मागे घेतली नाहीस. मी चमचाभर खाल्लं. छान झालं होतं, आईच्यापेक्षा जरा खारट. तुझा भात निवत होता आणि तू माझ्या गळ्याकडे बघत होतीस, गिळतोय का नाही. मी गिळलं. त्यानंतर कितीतरी वेळाने तू आपल्या भातावर चिमूटभर भुरभुरलंस आणि पहिला घास चावायला लागलीस. तुझ्या आहारात घास पन्नास वेळा चावायचा असतो, मी मनातल्या मनात मोजत होतो. पन्नास झाले.

जाताना तू आईला म्हणालीस, पुढच्या गुरुवारी येते. वाटी मी धुऊन फळीवर पालथी घातलीय. तू आलीस की आधी मीच खाईन, सांगावं लागणार नाही.

– अप्पा